दत्तक गाव आपलेच असेल तेव्हा

पत्राचा सारांश: यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या ठिकाणी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या विद्यार्थिनीचे हे पत्र आहे. ती राष्ट्रीय सेवा योजनेची स्वयंसेविका आहे आणि महाविद्यालयाने दत्तक घेतलेले गाव नेमके तिचेच आहे. गेल्या वर्षीच्या सात दिवसांच्या शिबिरात मुलांनी रस्ते झाडले, व्यसनमुक्तीचे पथनाट्य केले आणि घरोघरी जाऊन सर्वेक्षणाचे फॉर्म भरून घेतले. पथनाट्यातल्या दारुड्याची चाल आणि बोली तिच्याच गल्लीतल्या एका माणसासारखी होती, आणि शहरातून आलेली मुले पोट धरून हसत होती. यंदा शिबिराच्या पूर्वतयारीसाठी ती फॉर्म घेऊन आपल्या मोठ्या आईकडे गेली, तेव्हा मोठी आई म्हणाली, “मांगच्या साली बी लिहून नेलं होतं ना पोरी, त्याचं काय झालं? आता काहून लिहून राहिली?” तिच्यापाशी उत्तर नव्हते. त्यातच कार्यक्रम अधिकारी असलेल्या सरांनी योजनेत वर्षाला अपेक्षित असलेल्या १२० तासांची दैनंदिनी ‘पूर्ण करून’ आणायला सांगितली आहे, आणि तिचे खरे तास सत्तरच्या आसपास भरतात. शिबिर महिन्यावर आले आहे. वडील म्हणतात, हे सोड आणि पोलीस भरतीच्या तयारीला लाग. “आपल्याच गावात पाहुण्यासारखे जाऊन सेवेचे नाटक करणे मला जमत नाही. मी सेवा योजना सोडावी का?” असे ती विचारते.

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य तुझ्या मोठ्या आईचे आहे. तू ते आरोप म्हणून ऐकलेस आणि खजील झालीस. मला मात्र ती मागणी वाटते. “येऊ नका” असे ती म्हणाली नाही; “त्याचं काय झालं” असे तिने विचारले, आणि ज्याने आशाच सोडली आहे तो माणूस हिशेब मागत बसत नाही. म्हणून राहावे की सोडावे हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवू आणि आधी तिच्या प्रश्नाचे उत्तर शोधू. गेल्या वर्षी भरून नेलेले ते फॉर्म आज कुठे आहेत? माझा अंदाज असा की ते विभागातल्या एखाद्या कपाटात सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यात असतील आणि वार्षिक अहवालात ‘इतक्या कुटुंबांचे सर्वेक्षण करण्यात आले’ एवढे एकच वाक्य त्यांच्या वाट्याला आले असेल. गावाची माहिती गावातून निघाली, महाविद्यालयात पोहोचली आणि तिथेच थांबली. तू ज्याला नाटक म्हणतेस त्याचे मूळ मला इथे दिसते. मुलांची नियत खोटी होती असे मी मानत नाही. घेतलेले परत करण्याची पायरी कोणाच्याच वेळापत्रकात नव्हती. हा दोष तुला वाटतो त्याहून लहान आहे, आणि दुरुस्त होण्यासारखा आहे.

तुझ्या पत्रात एक गृहीतक आहे, जे तू उघडपणे मांडलेले नाहीस: क्रेडिटसाठी, म्हणजे पदवीत मोजल्या जाणाऱ्या श्रेयांकांसाठी, केलेली सेवा ती सेवाच नव्हे. हा वाद तुझ्या जन्माच्या कितीतरी आधीचा आहे. १९५९ साली सी. डी. देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने विद्यार्थ्यांसाठी नऊ महिने ते एक वर्षाची राष्ट्रीय सेवा सक्तीची करावी अशी शिफारस केली होती. ती खर्चिक ठरली आणि मागे पडली. पुढे ऐच्छिक सेवेचा मार्ग स्वीकारला गेला आणि गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. आता २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर समाजाशी जोडलेल्या कामाला क्रेडिट मिळू लागले आहे आणि अशा कामाच्या एका क्रेडिटसाठी सत्रात किमान ३० तास अपेक्षित असतात. म्हणजे सक्ती, इच्छा आणि गुण यांची ओढाताण या योजनेच्या घडणीतच आहे. मला स्वतःला क्रेडिटचे वावडे नाही. आशा सेविकेला मोबदला मिळतो म्हणून तिने केलेली गृहभेट खोटी ठरत नाही. पाहायचे ते इतकेच की त्या तासांत केलेले काम ज्याच्या नावाने केले त्याच्यापर्यंत पोहोचले की नाही. तुझ्या मोठ्या आईपर्यंत ते पोहोचले नाही, आणि क्रेडिट नसते तरीही ते पोहोचले नसते.

दुसरे गृहीतक अधिक अडचणीचे आहे. तू असे धरून चालतेस की गावात एक तर पाहुणी म्हणून जाता येते, नाही तर गावची म्हणून गप्प बसता येते. मात्र कायद्याने तुला तिसरी जागा दिलेली आहे. तुझे वय अठराच्या पुढे आहे आणि गावच्या मतदार यादीत नाव असेल, तर तू ग्रामसभेची सदस्य आहेस. (नाव नसेल तर शिबिराच्या आधी ते नोंदवायला घे, हे पत्र वाचणाऱ्या तुझ्यासारख्या सर्वांनाच ते सांगणे आहे.) तुझे वर्गमित्र त्या सभेत फार तर श्रोते म्हणून बसू शकतील. तू उभी राहून विचारू शकतेस, मागू शकतेस, ठराव सुचवू शकतेस. महाराष्ट्रात वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे ग्रामपंचायतीवर बंधनकारक आहे आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. कित्येक गावांत ती महिला सभा फक्त रजिस्टरमध्ये होते, हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक असेल. तेव्हा ‘महाविद्यालयाने दत्तक घेतलेल्या गावची मुलगी’ या नात्यात तुला जो अवघडलेपणा वाटतो, त्याच नात्यात तुझ्या हातात इतर एकोणपन्नास शिबिरार्थींकडे नसलेली एक गोष्ट आहे.

आपल्या विदर्भातच या प्रकारच्या शिक्षणाची दोन उदाहरणे आहेत, आणि दोन्ही तुझ्या प्रश्नाला थेट भिडतात. सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान हे वैद्यकीय महाविद्यालयही १९६९मध्येच, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सुरू झाले. तिथे पहिल्या वर्षाची प्रत्येक तुकडी एक गाव घेते आणि सुरुवातीला त्या गावात मुक्कामाला राहते. प्रत्येक विद्यार्थ्याकडे मोजकी कुटुंबे सोपवलेली असतात आणि पुढची काही वर्षे तो दर महिन्याला त्याच घरांत परत जातो. सात दिवसांच्या शिबिराशी याची तुलना केली तर फरक मुक्कामाच्या दिवसांत फारसा नाही. फरक परत जाण्यात आहे. पुढच्या महिन्यात त्याच उंबऱ्यावर उभे राहायचे आहे हे माहीत असले की विद्यार्थी पहिल्याच दिवशी वेगळे प्रश्न विचारतो, आणि उत्तर देणारी बाईही वेगळे उत्तर देते.

दुसरे उदाहरण गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाचे. वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांपैकी ते एक, आणि त्याला तो हक्क २००९ साली मिळाला. त्याआधी कित्येक वर्षे गावाने अभ्यास मंडळ चालवले. त्यात बाहेरची माणसे येत, बसत, माहिती देत, वाद घालत. निर्णय मात्र ग्रामसभाच करी आणि तोही सर्वसहमतीने. बाहेरून येणाऱ्या शिकलेल्या माणसाला तिथे मान होता, हुकूम चालवण्याची जागा नव्हती. आपल्या शिबिरांत नेमके उलटे घडते. गावाने काय करावे हे आपण पाटी रंगवून सांगतो आणि गावाला काय माहीत आहे ते विचारायचे राहून जाते. गाडगेबाबांचा फोटो लावून झाडू हाती घेणाऱ्यांनी हेही आठवावे की दिवसा गाव झाडणारे बाबा रात्रीच्या कीर्तनात लोकांना प्रश्नांवर प्रश्न विचारत आणि उत्तरे लोकांच्याच तोंडून काढून घेत. आपण झाडू तेवढा उचलला.

आता करायचे काय? सरांना भेट आणि यंदा नवीन फॉर्म भरण्याआधी गेल्या वर्षीचा गठ्ठा माग. बरोबर दोन-तीन मैत्रिणी घे; त्यातली एखादी अर्थशास्त्राची आणि एखादी भूगोलाची असेल तर उत्तम. तीन-चार बैठकांत त्या फॉर्मची बेरीज होते. सगळ्या प्रश्नांची करू नका, पाच-सहा प्रश्न निवडा: पिण्याचे पाणी कुठून येते, शौचालय वापरात आहे का, शाळा सोडलेली मुले, कोणत्या योजनेचा अर्ज अडकला आहे, असे. मग ती बेरीज एका मोठ्या कागदावर ठळक अक्षरांत लिहून गावात न्या आणि वाचून दाखवा. सभामंडपात नको, दोन-तीन गल्ल्यांतल्या ओट्यांवर, रात्री जेवणवेळेनंतर. शिबिराच्या दिवसांत कपाशीची वेचणी सुरू असते, तुरीची सोंगणी असते, हरभऱ्याला पाणी देणे चालू असते. सकाळी अकराला सर्वेक्षणाला निघालेल्या मुलांना घरी म्हातारे आणि लेकरे भेटतात आणि फॉर्मवर ‘कुटुंबप्रमुखाचे मत’ म्हणून आजोबांचे मत लिहिले जाते. तुला हे माहीत आहे, तुझ्या वर्गमित्रांना कदाचित नाही. वेळापत्रक ठरवताना हे सांगणे हेसुद्धा कामच आहे.

वाचून दाखवताना लोक तुमची बेरीज खोडतील. खोडू द्या. गेल्या वर्षी ‘शौचालय आहे का’ यापुढे ‘होय’वर खूण केलेल्या घरांपैकी काही घरांत त्या खोलीत पऱ्हाट्या आणि गोवऱ्या रचलेल्या असतील, कुठे खड्डा उथळ निघाला, कुठे भांडेच फुटले, कुठे पाणी इतके दूर की बाईने ठरवले, जाऊ दे. फॉर्मला ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढेच कळते. ‘आहे, पण’ हे ओट्यावर कळते, आणि तुझ्या शिक्षणाची सुरुवात त्या ‘पण’पासून होते. माझ्या मते त्या रात्री ऐकलेली दुरुस्ती दैनंदिनीत लिहिलीस तर ते एक पान सात दिवसांच्या श्रमदानाच्या वर्णनापेक्षा जड भरेल.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळ. घरनिहाय माहिती चारचौघांत वाचायची नाही. कोणावर किती कर्ज, कोणाच्या घरी कोण पितो, कोणाला कोणता आजार, हे आकड्यांतूनही ओळखू येईल इतके लहान तुझे गाव असेल, तर तो प्रश्न कागदावर आणूच नकोस. तुझ्या गल्लीतली घरे तू स्वतः विचारू नकोस, ती वर्गमैत्रिणीला दे आणि तू दुसऱ्या टोकाची घे. नात्यातल्या मुलीसमोर मोठी आई सगळे खरे सांगेल असे नाही, आणि सांगितलेच तर त्याचे ओझे तुझ्यावर राहील.

पथनाट्याबद्दल मी थोडक्यात लिहिते. ते बसवण्याआधी संहिता गावातल्या बचत गटाच्या बायकांना दाखवायची, ही अट घालायला सांग. दारूचा त्रास त्यांनी भोगला आहे. कोणते वाक्य बोचेल आणि कोणते लागेल यातला फरक त्यांना दिग्दर्शकापेक्षा नीट कळतो. त्यांनी ‘हे नको’ म्हटले तर नको.

त्याऐवजी काय करता येईल, असे सर विचारतीलच. इथे मला थोडे रेंगाळावेसे वाटते, कारण बहुतेक महाविद्यालये इथेच कल्पनादारिद्र्याने थकतात आणि पुन्हा दगडांना चुना लावायला घेतात. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड आहे. तिकडे अकोला, बुलडाणा, अमरावतीच्या पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात पाणीच खारे. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५पर्यंत चालवून घेतात. जलजीवन मिशनमध्ये गावपातळीवर पाणी तपासण्याचे किट दिले जाते आणि गावातल्या पाच महिलांना त्याचे प्रशिक्षण द्यायचे असते. तुझ्या गावात ते किट कुठे आहे, ते उघडले गेले आहे का आणि त्या पाच जणी कोण, हे शोधणे हेच एक सुंदर काम आहे. सापडल्या तर त्यांनी तपासायचे आणि रसायनशास्त्राच्या मुलांनी शेजारी बसून शिकायचे. आकडा संशयास्पद आला तर लगेच हातपंपाला ‘विषारी’ म्हणून बोभाटा करायचा नाही. किटची चाचणी प्राथमिक असते, नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा आणि तिथला लेखी अहवाल ग्रामपंचायतीला व जलसुरक्षकाला द्यायचा. पुढच्या वर्षीच्या तुकडीने त्याच हातपंपांचे पाणी पुन्हा तपासायचे. तीन वर्षांची अशी वही गावाजवळ असेल, तर टँकर किंवा शुद्धीकरण यंत्र मागताना सरपंचाला बोलायला आधार मिळतो.

दुसरे काम मोबाइलवरचे. ई-पीक पाहणी राज्यभर २०२१पासून कास्तकारानेच ॲपवर करायची आहे. शेतात उभे राहून पिकाचा फोटो टाकायचा. ती राहिली तर सातबाऱ्यावर पीक चढत नाही आणि पुढे नुकसानभरपाई किंवा हमीभावाच्या खरेदीच्या वेळी हेलपाटे पडतात. हे जानेवारीच्या शिबिरातच उरकेल असे नाही, कारण प्रत्येक हंगामाची मुदत ठरलेली असते. त्यासाठी खरिपात दोन शनिवार काढावे लागतील. मुलांनी हे काम करून द्यावे यापेक्षा घरातल्या एका माणसाला, शक्यतो घरच्या सुनेला किंवा मुलीला, ते शिकवावे. कोणाचा आधार क्रमांक वहीत उतरवू नये आणि ओटीपी विचारू नये. चांगल्या हेतूने लिहून घेतलेल्या वह्या कोणाच्या हाती पडतील, याचा भरवसा नसतो.

मराठी किंवा इतिहास घेतलेल्या मुलांना यात जागा नाही असे समजू नकोस. गावचे जुने पाणवठे, पांदण रस्ते, गायरानाच्या हद्दी यांबद्दल म्हातारी माणसे जे सांगतात ते लिहून काढणे, आणि ते तलाठ्याच्या नकाशाशी ताडून पाहणे, हा इतिहासाचा प्रकल्प आहे आणि पांदण रस्त्याच्या मागणीचा पुरावाही. सेवा आणि अभ्यासक्रम यांची सांगड घालणे म्हणतात ते हेच.

हे सगळे ग्रामपंचायतीपर्यंत पोहोचवायचे तर तिचे वेळापत्रक पाहा. पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा साधारणपणे २ ऑक्टोबरपासून सुरू होणाऱ्या मोहिमेत तयार होतो आणि शिबिर येते त्यानंतर. म्हणजे गावाची गरज मोजणारे आणि गावाचा पैसा ठरवणारे एकमेकांना चुकवून जातात. शिबिरातली माहिती सप्टेंबरपर्यंत पक्की करून आराखड्याच्या ग्रामसभेत मांडायची, असे तुझ्या महाविद्यालयाने ठरवले, तर मोठ्या आईच्या प्रश्नाला पहिल्यांदा तारखेसह उत्तर देता येईल. त्या सभेत ते कागद वाचणारी व्यक्ती तू असावीस, कारण तिथे तुझा हक्क आहे.

सरांशी बोलताना एवढे ध्यानात ठेव की तेही कोंडीत आहेत. त्यांना तासिका घ्यायच्या, परीक्षेचे काम करायचे, शिबिराचे अनुदान येईपर्यंत किराणा उधारीवर आणायचा आणि वर फोटोंसह अहवाल पाठवायचा. ‘हे नाटक आहे’ असे म्हणालीस तर ते बचावाला उभे राहतील. ‘गेल्या वर्षीच्या फॉर्मची बेरीज आम्ही चौघी करतो, तुम्ही फक्त गठ्ठा द्या’ असे म्हणालीस तर नाही म्हणायला कारण उरत नाही, उलट त्यांच्या अहवालाला एक खरे पान मिळते. त्यांना हेही विचार की योजनेच्या नियमपुस्तिकेत १२० तासांपैकी २० तास पूर्वप्रशिक्षणासाठी धरलेले आहेत, ते यंदा शिबिराआधी घेता येतील का. त्या तासांत गावच्या दोन बाया आणि एखादा कास्तकार वर्गात बोलावून त्यांना बोलते केले, तर पोट धरून हसणारी मुले थोडी वेगळी होऊन गावात उतरतील.

आता सोडण्याचा पर्याय. तो लाजिरवाणा नाही. सहशालेय विषयांच्या यादीत छात्रसेना आहे, क्रीडा आहे, कला आहे; ज्याला मनापासून नको त्याने तिकडे जावे. वडिलांचे म्हणणेही उडवून लावण्याजोगे नाही, कारण चार एकर कोरडवाहूवर घर चालवणाऱ्या माणसाला मुलीच्या नोकरीची घाई असते. भरतीची परीक्षा शिबिराच्या तोंडावर आली असेल तर शिबिर सोड, मी तुला अडवणार नाही. मात्र शरमेपोटी सोडू नकोस. तू गेलीस तर फॉर्म दुसरी कोणी घेऊन येईल आणि तिला तुझी मोठी आई काय म्हणाली हे कळणारही नाही. माझा कल तू राहावेस याकडे आहे, निदान या शिबिरापुरते, आणि गठ्ठा मिळाला या अटीवर. गठ्ठा हरवला असेल किंवा सरांनी सरळ नकार दिला, तर मोठ्या आईकडे जाऊन तेच सांग: “त्याचं काही झालं नाही.” यंदाचा फॉर्म तिच्याकडून भरून घेऊ नकोस, आणि गावची मतदार म्हणून येत्या ग्रामसभेत एकच विषय मांड, पाण्याचा किंवा पांदणीचा. त्याला महाविद्यालयाची परवानगी लागत नाही.

राहिली दैनंदिनी. सत्तर तास झाले असतील तर सत्तरच लिही. उरलेल्या पन्नासांपैकी बरेचसे खरेखुरे भरता येतील: फॉर्मची बेरीज, ओट्यावरच्या बैठका, पाण्याचे नमुने, महिला सभेला आणि ग्रामसभेला हजेरी. सुरू करण्याआधी सरांकडून एका कागदावर लिहून घे की हे तास धरले जातील. तरीही दहा-पंधरा कमी पडले तर तसे लेखी कळव आणि पुढच्या सत्रात भरून काढण्याची मुभा माग. न केलेल्या श्रमदानाची तारीख टाकून सही करू नकोस. ते गाव तुझे आहे आणि त्या दिवशी तिथे कोणी आले नव्हते हे गावाला ठाऊक आहे.